दारूने विषाणू मरत नाही

(उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील उपासक-उपासिकांचा संयुक्त मेळावा वर्षावासात अंबरनाथ येथे भरला होता. त्या प्रसंगी झालेले हे व्याख्यान श्रोत्यांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. – संपादक)



आजच्या मेळाव्यात मी दारू या विषयावर बोलावे, अशी चालकांनी सूचना केली तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. दारू वाईट आहे, हे आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेच्या वेळी उच्चारतो. जी गोष्ट सर्वांना तत्त्वतः मान्य आहे, तीच पुन्हा सांगण्यासाठी दूरवरून आलेल्या स्त्री-पुरुषांचा वेळ घ्यावा, हे मला प्रशस्त वाटेना.

पण विचार करता माझ्या ध्यानात आले की, या तत्त्वतः मान्य असलेल्या गोष्टीला आपल्या घरांत एक मागचा दरवाजा आहे. त्या दरवाजाचे नाव 'औषध'. शौक म्हणून पिणाऱ्याला निदान लाज तरी वाटते. तो वंदनेच्या वेळी खाली मान घालतो. परंतु सर्दी झाली म्हणून, पावसात भिजलो म्हणून, अंग मोडून आले म्हणून जो पितो, त्याला लाजही वाटत नाही. घरातील वडीलधारी मंडळीच त्याला म्हणतात, "थोडी घे, बरे वाटेल." कित्येक घरांत तान्ह्या मुलाच्या तोंडात ब्रँडीचे थेंब घातले जातात आणि बाळंतिणीला ती पाजली जाते. दारू दाराने हाकलली आणि औषधाच्या बाटलीतून परत घरात घेतली, असा हा प्रकार आहे. आज मी या एकाच समजुतीचा विचार आपणांपुढे मांडणार आहे.

मी उपदेशक नाही. माझी सारी नोकरी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात गेली. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरावा, रंग द्यावा, सूक्ष्मदर्शकाखाली धरावा आणि त्यातील पेशी मोजाव्यात, हे काम मी हजारो वेळा केले. म्हणून मी जे सांगेन, ते रक्ताच्या थेंबापासून सांगेन.

प्रथम मी माझ्या घरातील एक दुःख सांगतो. ज्या वहिनींचे ते दुःख आहे, त्या आज या सभेत बसल्या आहेत, आणि त्यांच्याच अनुमतीने मी ते सांगत आहे. माझा मावसभाऊ येथील औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करीत असे. बदलापूरहून रोज लोकलने येणे आणि पाळी संपली की एक क्वार्टर घेऊन घरी जाणे, असा त्याचा क्रम होता. तो भांडखोर नव्हता, पगार उडविणारा नव्हता, मुलांवर त्याचा जीव होता. १ एप्रिल २०२१ पासून ४५ वर्षांवरील सर्वांना कोरोनाची लस मिळू लागली, तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. "लस घेतली की कित्येक दिवस दारू सोडावी लागते," असे त्याला कोणी तरी सांगितले, म्हणून त्याने लस पुढे ढकलली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला ताप आला. तेव्हा तो म्हणाला, "सॅनिटायझरने विषाणू मरतो ना? मग माझ्या पोटात रोज सॅनिटायझरच जातो." असे म्हणून त्याने तीन दिवस मात्रा वाढविली आणि तपासणी केली नाही. चौथ्या दिवशी श्वास लागला. प्राणवायूची खाट मिळेपर्यंत आणखी एक दिवस गेला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो गेला.

बंधूंनो, दारूने माझा भाऊ मारला, असे मी म्हणणार नाही. त्या लाटेत कधी दारूच्या थेंबाला न शिवलेली माणसेही गेली. जे सिद्ध करता येत नाही ते छातीठोकपणे सांगणे, हा धम्माचा मार्ग नव्हे आणि विज्ञानाचाही नव्हे. परंतु एक गोष्ट मी निश्चित सांगू शकतो. एका खोट्या समजुतीने त्याची लस हिरावली आणि दुसऱ्या खोट्या समजुतीने त्याचे तीन दिवस हिरावले. त्या दोन्ही समजुती आजही आपल्या वस्त्यांतून जिवंत आहेत.

आता त्याच्या त्या वाक्याचाच विचार करू. हाताला लावण्याचा सॅनिटायझर विषाणू मारतो, हे खरे आहे. पण त्यासाठी त्यात शेकडा ६० तरी मद्यार्क असावा लागतो, म्हणजे हजार भागांत ६०० भाग. आता माणसाच्या रक्ताकडे पाहा. आपल्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे हा गुन्हा ठरतो. जो चांगलाच झिंगला आहे, त्याच्या रक्तात हे प्रमाण सुमारे १०० मिलिग्रॅम असते, म्हणजे हजार भागांत एक भाग. ६०० कोठे आणि १ कोठे? रक्तातील मद्यार्क विषाणू मारण्याइतका वाढेल, त्याच्या कितीतरी आधी माणूस मरेल. दारू घशावरून जाताना तेथील विषाणू मारते, असे म्हणावे तर तेही नाही. तो घोट क्षणार्धात खाली उतरतो, आणि विषाणू तर नाकाच्या, घशाच्या व फुप्फुसाच्या पेशींच्या आत शिरून वाढत असतो.

या एका भ्रमापायी किती जीव गेले! २०२० सालच्या वसंतात इराणमध्ये दारूने कोरोना टळतो अशी अफवा पसरली आणि विषारी मिथेनॉल पोटात जाऊन शेकडो माणसे मेली. आपल्याच महाराष्ट्रात, यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे एप्रिल २०२१ मध्ये दारूची दुकाने बंद असताना तलफ भागविण्यासाठी सॅनिटायझर पिऊन सात माणसे मृत्युमुखी पडली. पहिल्या ठिकाणी अफवेने मारले, दुसऱ्या ठिकाणी व्यसनाने. पण ज्यांचे प्राण गेले ती माणसे कोण होती, हे आपण ओळखू शकतो.

तर मग रक्तातील तो हजारातला एक भाग काय करतो? विषाणूला तो काही करीत नाही. पण विषाणूशी लढणाऱ्या आपल्याच पेशींना तो निष्प्रभ करतो. हेच माझ्या आजच्या बोलण्याचे सार आहे.

आपल्या रक्तात तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशी असतात. रशियन शास्त्रज्ञ मेच्निकोव यांनी १८८२ च्या सुमारास असे दाखवून दिले की, शरीरात शिरलेल्या परक्या कणांभोवती काही पेशी गोळा होतात आणि त्यांना गिळतात. या शोधाच्या क्षेत्रातील कार्याबद्दल १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या पांढऱ्या पेशींत मोनोसाइट नावाची एक जात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ती आकाराने मोठी आणि घेवड्याच्या दाण्यासारख्या केंद्राची दिसते. ती रक्तातून सर्वत्र फिरते, आणि गरज पडेल तेथे शिरून भक्षक पेशी बनते. दुसरी एक जात नैसर्गिक मारक पेशींची आहे. ज्या पेशीत विषाणू शिरला आहे, ती हुडकून नष्ट करणे हे तिचे काम. यांखेरीज एक रासायनिक दूत आहे. लंडन येथे आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोन शास्त्रज्ञांनी १९५७ साली तो शोधून काढला. त्याचे नाव इंटरफेरॉन. विषाणू आला अशी चाहूल लागताच हा दूत शेजारच्या पेशींना सावध करतो, आणि त्या पेशी विषाणूला आपल्यात वाढू न देण्याची तयारी करतात. लस घेतलेली नसो वा रोग पूर्वी झालेला नसो, पहिल्या काही दिवसांत माणसाचा जीव या सावधगिरीवर अवलंबून असतो.

आता अमेरिकेत झालेले दोन प्रयोग सांगतो. पहिला प्रयोग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील डॉ. ग्योंगी साबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी निरोगी माणसांच्या रक्तातील मोनोसाइट वेगळ्या केल्या आणि प्रयोगशाळेत त्यांना, चार-पाच पेले घेणाऱ्याच्या रक्तात असावा इतक्या मद्यार्कात ठेवले. काहींना एक दिवस, तर काहींना सात दिवस. नंतर त्या पेशींना विषाणू किंवा जंतू आल्याचा भास होईल अशी द्रव्ये दिली. दोन्ही वेळा असे आढळले की, त्या पेशींतून इंटरफेरॉन पुरेसा निघाला नाही. सात दिवस मद्यार्कात राहिलेल्या पेशींत आणखी एक विकृती दिसली. दाह वाढविणारे टीएनएफ नावाचे द्रव्य त्या उलट अधिक सोडू लागल्या. म्हणजे जी सावधगिरी हवी ती मंदावली, आणि ज्याने आपल्याच शरीराचे नुकसान होते तो दाह मात्र भडकला.

दुसरा प्रयोग डॉ. माजिद अफशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. यात पेशी काचेच्या नळीत नव्हत्या. १५ निरोगी स्वयंसेवक होते, ८ स्त्रिया आणि ७ पुरुष, आणि त्यांचे मध्यम वय २७ वर्षे होते. त्यांना झिंग येईपर्यंत, म्हणजे व्होडकाचे चार-पाच पेले दिले आणि त्यांचे रक्त वीस मिनिटांनी, दोन तासांनी आणि पाच तासांनी तपासले. वीस मिनिटांनी पांढऱ्या पेशींत एकदम खळबळ दिसली. पण दोन तासांनी आणि पाच तासांनी चित्र पालटले. रक्तात फिरणाऱ्या मोनोसाइट आणि नैसर्गिक मारक पेशी कमी झाल्या होत्या, आणि प्रतिकाराला आवर घालणारे द्रव्य वाढले होते.

अमेरिकेतील चार-पाच पेले म्हणजे किती, असे आपण विचाराल. आपल्या मापाने ते सुमारे १८० ते २२० मिलिलिटर होतात. आपल्याकडे ज्याला क्वार्टर म्हणतात ती १८० मिलिलिटरचीच असते, आणि शेकडा ४२.८ मद्यार्क असलेल्या तेवढ्या बाटलीत सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क भरतो. म्हणजे जो प्रयोग त्या १५ जणांवर एकदा झाला, तो आपला कामगार बंधू पाळी संपली की रोज संध्याकाळी स्वतःवर करून घेतो, आणि तोही पदरचे पैसे देऊन. ते पंधरा जण तरुण आणि निरोगी होते. आपल्या बंधूने मात्र आठ-दहा तास काम केलेले असते, धूर आणि रसायनांचा वास घेतलेला असतो आणि अनेकदा पोटात धड अन्न नसते.

लोक असे समजतात की, दारूचे दुष्परिणाम वीस वर्षांनी यकृतावर होतात. ते तर होतातच. पण मी जे सांगत आहे ते वीस वर्षांचे नव्हे, पाच तासांचे आहे. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या स्थानकांवर सकाळ-संध्याकाळ जी गर्दी उसळते, ती आपण रोज अनुभवता. डब्यात एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर येतो. घरी दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे झोपतात. ज्यांना स्वतंत्र खोली आहे, स्वतःची गाडी आहे, त्यांच्यापर्यंत विषाणू उशिरा पोहोचतो. आपल्यापर्यंत तो प्रथम पोहोचतो. ज्या माणसाला शत्रूच्या सर्वांत जवळ उभे राहावे लागते, त्यानेच आपले शस्त्र खाली ठेवावे काय?

जुनाट पिण्याने हीच हानी कायमची होते. फुप्फुसातील भक्षक पेशी दुबळ्या होतात, श्वासनलिका साफ ठेवणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते, आणि आतड्याचे अस्तर सैल होऊन जंतूंचे विष यकृताकडे जाऊ लागते. हेपटायटिस सी या विषाणूने ज्याच्या यकृतात घर केले आहे, तो जर पीत असेल, तर त्याचे यकृत इतरांपेक्षा लवकर कठीण होते. क्षयरोग हा विषाणूचा नव्हे, जंतूचा रोग आहे, पण तेथेही तोच न्याय लागू पडतो. रोज ४० ग्रॅमहून अधिक मद्यार्क घेणाऱ्यांत क्षयाचा धोका सुमारे तिप्पट आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ साली जगात दारूमुळे सुमारे २६ लाख मृत्यू झाले, आणि त्यांतील सुमारे २ लाख ८४ हजार मृत्यू संसर्गजन्य रोगांचे होते. दारूने माणूस संसर्गाने मरतो, ही कल्पनाच आपल्याला नवी वाटते. पण ज्यांनी मोजदाद केली त्यांच्या वहीत ती नोंदलेली आहे.

आता एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो मी दडवून ठेवीत नाही. १९९३ साली अमेरिकेतील शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, सिगारेट न ओढणाऱ्यांपैकी जे माफक पीत होते त्यांना सर्दी कमी झाल्याचे दिसले. मग दारू सर्दीचे औषध नव्हे काय? याला माझे उत्तर असे. त्या अभ्यासात कोणाला दारू देऊन पाहिलेले नव्हते. जे आधीपासून पीत होते आणि जे पीत नव्हते, त्यांची तुलना केली होती. बेताने पिणाऱ्या माणसाचे खाणे, झोपणे आणि राहणे हेही बेताचे असू शकते, म्हणून तो गुण दारूचा की त्या राहणीचा, हे तेवढ्यावरून ठरत नाही. शिवाय क्वार्टर हे माफक प्रमाण नव्हे. आणि एका सर्दीचा हिशेब करताना इतर सर्व हिशेब विसरून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्यपानाला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारणांच्या पहिल्या वर्गात घातले आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याच संघटनेने आरोग्याला निर्धोक अशी दारूची मात्रा नाही, असे जाहीर केले.

"पण प्यायल्यावर ऊब वाटते, झोप लागते, हे खोटे काय?" असेही कोणी म्हणेल. वाटते हे खरे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतील उष्णता बाहेर येते, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावीत असते. झोप म्हणावी तर ती गुंगी असते. ताप आलेल्या माणसाला गुंगी आली की त्याचा श्वास जड झाला आहे, हे त्याला स्वतःला कळत नाही आणि घरच्यांनाही कळत नाही. माझ्या मावसभावाच्या घरी तेच झाले. "शांत झोपलाय" असे वहिनींना वाटले. तान्ह्या मुलाच्या बाबतीत तर हा प्रकार उघड विषप्रयोग आहे. आया-बहिणींना माझी हात जोडून विनंती आहे की, मुलाला सर्दी झाली तर त्याला अंगावर पाजा, उबेत ठेवा आणि श्वास जोरात चालत असेल तर तत्काळ रुग्णालयात न्या. पण ब्रँडीचा थेंब त्याच्या ओठांना लावू नका.

लसीविषयी एक शब्द. २०२१ साली आपल्या आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट केले होते की, दारूमुळे लसीचा परिणाम नाहीसा होतो असा पुरावा नाही. म्हणून "पितो, म्हणून लस नको" हा विचार सर्वथा चुकीचा आहे. जो पितो, त्याची पहिली फळी दुबळी झालेली असते. त्याला तर लसीची गरज अधिक. आज पीत असाल तरी लस घ्या, तपासणी करा, औषध घ्या. हेपटायटिस बीची लस बालकांना सरकारकडून विनामूल्य मिळते. २८ जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हेपटायटिस सीची तपासणी आणि औषधे विनामूल्य ठेवलेली आहेत. क्षयाचे औषधही फुकट मिळते. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आपल्या दाराशी आहे. तेथे जाताना पिण्याविषयी डॉक्टरांपासून काही लपवू नका, कारण क्षयाची काही औषधे आणि दारू एकत्र आली तर यकृतावर दुहेरी भार पडतो.

इतका वेळ मी शरीराविषयी बोललो. आता समाजाविषयी थोडे बोलतो. ४ मे २०२० रोजी टाळेबंदीत सूट मिळून दारूची दुकाने उघडली, तेव्हा मुंबईत इतक्या रांगा लागल्या की महापालिकेला दोनच दिवसांत ती पुन्हा बंद करावी लागली. शाळा बंद होत्या, ग्रंथालये बंद होती, विहारे बंद होती. पण सरकारी तिजोरीला ज्याची आठवण सर्वांत आधी झाली, ते दारूचे दुकान होते. हा प्रश्न आजचा नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली त्यांनी शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. लोकांच्या आरोग्यासाठी एका हाताने खर्च करावयाचा आणि दुसऱ्या हाताने गुत्ते वाढू द्यावयाचे, ही विसंगती त्यांना खुपली. ती विसंगती आज १४० वर्षांनंतरही संपलेली नाही.

मग केवळ कायद्याने दारू बंद करावी काय? बाबासाहेबांनी १९३८-३९ च्या सुमारास मुंबई विधिमंडळात तत्कालीन सरकारच्या खर्चिक दारूबंदीवर टीका केली होती आणि शिक्षणाची निकड पुढे मांडली होती, हे आपण विसरता कामा नये. ते दारूचे मित्र नव्हते. त्याच बाबासाहेबांनी १९२७ साली महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका, अशा आशयाचा उपदेश केला होता. याचा अर्थ मला असा दिसतो की, बंदीचा हुकूम वरून येतो आणि वरूनच जातो, पण कळलेली गोष्ट माणसाजवळ राहते. आपल्याच राज्यात चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक गरीब माणसे मेली. हातभट्टी मोडणे हे पोलिसांचे काम आहे आणि ते त्यांनी केलेच पाहिजे. वस्तीतील दुकान नको असेल तर स्त्रियांना मतदानाने 'आडवी बाटली' करण्याचा मार्ग महाराष्ट्रात उपलब्ध आहे, तोही वापरला पाहिजे. पण दारू औषध आहे ही समजूत कोणत्याही पोलिसाला मोडता येणार नाही. ती आपणच मोडावयाची आहे.

ती मोडताना एक खबरदारी घ्या. जो रोज पितो, तो गुन्हेगार नाही, रोगी आहे. त्याला समाजातून तोडू नका. आणि त्याला एकाएकी, घरच्या घरी दारू सोडावयास लावू नका. पुष्कळ वर्षे पिणाऱ्याने अचानक सोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. पुण्यास अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे, आणि सरकारची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. सोडलेला माणूस पुन्हा घसरला, तर त्याला टाकून देऊ नका. पुन्हा न्या.

शेवटी एवढेच. पाचव्या शीलात दारूला प्रमादाचे स्थान म्हटले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. आजवर आपण असे समजत होतो की, हा बेसावधपणा फक्त मनाचा आहे. प्यायलेला माणूस खोटे बोलतो, हात उगारतो, पैसा उधळतो, तो मनाचा प्रमाद. पण आता रक्ताचा थेंब तपासणारे सांगत आहेत की, तो प्रमाद पेशीपर्यंत उतरतो. विषाणूची चाहूल घ्यावयाची ती पेशीच बेसावध होते. मन शुद्धीवर यावयास एक रात्र लागते, पण तेवढ्या रात्रीत विषाणूला जे साधावयाचे ते तो साधून घेतो.

म्हणून आज घरी गेल्यावर एक गोष्ट करा. औषधांच्या डब्यात किंवा कपाटात 'सर्दीसाठी' म्हणून जी लहान बाटली ठेवलेली आहे, ती बाहेर काढा आणि मोरीत ओता. माझ्या वहिनींनी मे २०२१ मध्ये ती ओतली. पण तोपर्यंत उशीर झाला होता. आपल्या घरी उशीर होऊ नये, एवढ्यासाठीच त्यांनी मला आज येथे बोलण्याची अनुमती दिली आहे.

जय भीम!